दांडा हलका लागला की समजा, खाली रॉड सुटलाय! हापशाचे सांधे, क्लँप आणि वरच्या एका रॉडचं मोजमाप

होळी झाली की सीमाभागातल्या गावांत पाण्याचं गणित बदलतं. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी, मोटार आहे तर करंट नाही, करंट आहे तर मोटार जळालेली. मग आठवण होते ती देवळासमोरच्या नाहीतर शाळेच्या आवारातल्या हापशाची. आणि नेमका तेव्हाच तो बंद असतो. दांडा खाली-वर होतो, पण तोटीतून थेंब नाही. दोन-चार जण हापसून बघतात आणि निकाल लागतो, "बोअर आटली."

अनेकदा बोअर आटलेली नसते. खाली शंभर फुटांवर पाणी असतं, पंपही जागेवर असतो. सुटलेला असतो तो मधला एक सांधा. बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी रॉडला दुसरा रॉड जोडणारे आटे झिजलेले असतात, किंवा वरचा रॉड मापात बसलेला नसतो. एवढ्या कारणावरून हापसा सोडून दिला तर बायका-पोरांची पायपीट वाढते ती वाढतेच, शिवाय लोक उघड्या विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्याकडे वळतात. म्हणून हा रॉड काय असतो, तो कसा जोडतात, दुरुस्तीच्या वेळी त्याला धरणारा क्लँप कशासाठी असतो आणि त्याचं माप कुठे जुळवायचं, हे गावातल्या चार माणसांना माहीत असायला हवं.

वर दिसतो तो दांडा, पंप असतो खाली

आपल्याकडे सरसकट दिसणारा सरकारी हापसा म्हणजे 'इंडिया मार्क टू'. वर दिसतं ते लोखंडी डोकं, लांब दांडा आणि तोटी. पण पाणी उचलणारा खरा पंप जमिनीखाली असतो. पाण्याच्या पातळीच्याही खाली पितळी अस्तराचं एक नळकांडं लटकत असतं. त्याला सिलिंडर म्हणतात. त्याचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला वायसर असतात आणि सिलिंडरच्या तळाशी एक झडप असते. दट्ट्या वर गेला की त्याच्यावरचं पाणी वर ढकललं जातं आणि खालून नवं पाणी आत येतं. दट्ट्या खाली आला की तळाची झडप मिटते आणि दट्ट्यातली झडप उघडून पाणी त्याच्या वर जातं.

हा दट्ट्या वरच्या दांड्याला जोडायचं काम कनेक्टिंग रॉड करतात. एक रॉड ३ मीटर लांब आणि १२ मिलिमीटर जाड. एका टोकाला बाहेरून आटे पाडलेले, दुसऱ्या टोकाला षटकोनी कपलिंग बसवलेलं. एकाचे आटे दुसऱ्याच्या कपलिंगमध्ये पिळायचे, अशी माळ खालपर्यंत जाते. ही माळ ३२ मिलिमीटरच्या जीआय पाइपच्या आतून जाते आणि त्याच पाइपमधून पाणी वर येतं. सर्वांत वर रॉड एका साखळीला जोडलेला असतो आणि साखळी दांड्याच्या पुढच्या गोलाकार भागावर बसते. त्यामुळे दांडा कमानीत फिरला तरी रॉड सरळ उभाच वर-खाली होतो, बाजूला ओढला जात नाही.

साखळीचा एक गुणधर्म ध्यानात ठेवायला हवा. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. तुम्ही दांडा खाली दाबता तेव्हा रॉड वर ओढला जातो आणि पाणी पडतं. दांडा वर उचलता तेव्हा दट्ट्याला खाली कुणी ढकलत नाही, तो रॉडच्या स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणूनच अगदी उथळ बोअरवर हा पंप नीट चालत नाही. तिथे रॉड मोजकेच, वजन कमी, दट्ट्या वेळेत खाली उतरत नाही आणि साखळी सैल पडून झटके बसतात.

एका सांध्यावर किती भार?

हिशेब अगदी सोपा आहे. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर. पाणी जितके मीटर वर उचलायचं, त्या दर मीटरमागे दट्ट्यावर सुमारे ३.२ किलो भार येतो. ३० मीटरवरून पाणी उचलायचं तर पाण्याचाच भार झाला ९५ किलो. १२ मिलिमीटरच्या लोखंडी रॉडचं वजन मीटरला सुमारे ०.९ किलो, म्हणजे १० रॉडचे आणखी २७ किलो. दांडा खाली दाबताना सर्वांत वरच्या सांध्यावर एकूण १२० किलोच्या आसपास ओढ बसते. पोत्यापेक्षा जास्त वजन आणि ते पेलतो बोटाएवढा रॉड.

मग शाळकरी पोरगीसुद्धा हापसा कसा मारते? कारण दांड्याची तरफ साधारण आठास एक अशी आहे. टोकाला आठ इंच हात हलला की रॉड एक इंच हलतो, पण जोर आठपट होतो. शिवाय दांडा भरीव लोखंडाचा, वजनदार असतो आणि त्या वजनाने रॉडचा काही भार तोलला जातो.

एका दमात रॉड सुमारे १२५ मिलिमीटर वर जातो आणि साधारण ४०० मिलिलिटर पाणी उचलतो. मिनिटाला ४० दम मारले तर घागर भरायला फार वेळ लागत नाही. पण रॉडच्या बाजूने बघा. एखादा हापसा दिवसाला आठ तास चालला तर दम झाले १९,२००. वर्षाचे होतात ७० लाखांवर. प्रत्येक दमाला सांध्यावर भार चढतो आणि उतरतो. ३० मीटरच्या बोअरमध्ये १० रॉड धरले तर त्यांच्यातले ९, दट्ट्याचा १ आणि साखळीचा १ असे ११ सांधे. त्यातला एक जरी आट्यात सैल बसला असेल तर ७० लाख हिसक्यांत तो सुटणारच.

जालना, सोलापूर आणि मग देशभर

या हापशाची मुळं मराठी मुलखात आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. १९६०च्या दशकात दुष्काळी भागात यंत्राने बोअर मारायला सुरुवात झाली. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळानंतर युनिसेफने खडक फोडणारी यंत्रं आणली. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्रातही विंधन विहिरींची गरज सगळ्यांना पटवली. बोअर झाल्या, पण वर बसवलेले पंप टिकेनात. ते पंप बिडाचे होते आणि मूळ रचना एका कुटुंबाने वापरायच्या पंपाची. इथे तर एका पंपावर अख्खं गाव. दांड्याच्या खिळी झिजायच्या, बिडाला तडे जायचे, रॉड तिरपा ओढला जाऊन तुटायचा.

जालना आणि सोलापूर या दोन ठिकाणी मिशनच्या विहीर प्रकल्पांतून यावर तोडगा निघाला. बिडाऐवजी पोलादी डोकं, अनेक खिळींऐवजी दांडा फिरायला एकच जागा आणि दांड्याला रॉड जोडायला साखळी. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' ही नावं जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी आजही येतात. सोलापूर पंपाच्याच रचनेवर पुढे युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू उभा केला. त्याच्या चाचण्या तमिळनाडूत कोइमतूर भागात झाल्या, कारखाना होता मद्रासला. नंतर भारतीय मानक संस्थेने या पंपाचं मानक काढलं, आयएस ९३०१. पुढे २००४मध्ये खोल विहिरींच्या हातपंपांसाठी आयएस १५५०० हे एकत्रित मानक आलं. त्याच्या नावातच पंप, सुटे भाग आणि खास हत्यारं असे तिन्ही शब्द आहेत. म्हणजे पंप उघडायची हत्यारं हीसुद्धा पंपाचाच भाग मानली गेली.

सीमाभागातल्या वाचकाला याचा सरळ फायदा आहे. रॉड बेळगावात घ्या, सोलापुरात घ्या, इंदूर-ग्वाल्हेरला घ्या नाहीतर हैदराबादला. मानकाप्रमाणे बनवलेला असेल तर लांबी ३ मीटर, जाडी १२ मिलिमीटर आणि आटे एकाच मापाचे. ग्रामपंचायतीच्या पाटीवरची भाषा बदलते, रॉडचे आटे बदलत नाहीत. निपाणीतला रॉड कागलच्या हापशात बसतो. न बसला तर समजावं की दोघांपैकी एक माल मानकाचा नाही.

दुरुस्तीच्या वेळी क्लँप काय करतो?

मार्क टू पंपाचा दट्ट्या दुरुस्त करायचा तर सगळा पाइप वर काढावा लागतो. कारण सिलिंडर पाइपपेक्षा रुंद आहे, दट्ट्या पाइपमधून वर येऊच शकत नाही. ३२ मिलिमीटरचा जीआय पाइप मीटरला सुमारे तीन किलो. ३० मीटरचा पाइप ९० किलोच्या पुढे, त्यात रॉड, सिलिंडर आणि आत अडकलेलं पाणी. दीडशे किलोच्या घरातलं हे लटकतं वजन ३-३ मीटरने वर घ्यायचं, वरचा तुकडा सोडवायचा, पुन्हा उचलायचं. तुकडा सोडवत असताना खालचं सगळं वजन कुणीतरी धरून ठेवायला हवं. ते काम क्लँपचं.

यासाठी दोन वेगळे क्लँप असतात. पाइप धरायला स्वतः आवळत जाणारा क्लँप. त्याची रचनाच अशी की पाइप खाली घसरू लागला तर त्याच्या वजनानेच जबडा जास्त घट्ट होतो. आणि रॉड धरायला कनेक्टिंग रॉड वाइस. हा छोटा शिकंजा असतो. एक जबडा पक्का, दुसरा मुठीने पिळून पुढे-मागे सरकवायचा. रॉड दोन्हींच्या मध्ये धरायचा आणि आवळायचा. खालच्या रॉडचं ओझं शिकंजा धरतो आणि मिस्त्री दोन पान्ह्यांनी वरचं कपलिंग सोडवतो.

शिकंजाची पकड म्हणजे निव्वळ घर्षण. जबडा जितका घट्ट दाबेल तितकं वजन तोलेल. पण रॉडवर ग्रीस, शेवाळ किंवा चिखल असला तर घर्षण कमी होतं. ते निम्म्यावर आलं तर तेवढंच वजन धरायला दुप्पट आवळावं लागतं. म्हणून जाणता मिस्त्री रॉड धरायची जागा आधी फडक्याने पुसतो. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि तेच बहुतेक वेळा टाळलं जातं.

शिकंजा नसला की पाइप पान्ह्याने रॉड धरतात. पाइप पान्ह्याला दात असतात. ते १२ मिलिमीटरच्या रॉडमध्ये रुततात आणि खाच पडते. त्या वेळी काही बिघडत नाही. पण पुढे लाखो हिसके बसताना सगळा ताण त्या खाचेपाशी गोळा होतो आणि एक दिवस रॉड तिथेच तुटतो. गाव म्हणतं माल खराब होता. खरं तर चुकीच्या हत्याराची ती खूण असते.

सुटलेला रॉड पाइपच्या आतच पडतो, तो पाइपबरोबर वर काढता येतो. पण पडताना तो वाकतो, खालच्या झडपेवर आपटतो. पाइप सुटला तर मात्र तो थेट बोअरमध्ये जातो. तो बाहेर काढायला वेगळी हत्यारं लागतात, नशीबही लागतं. पाइप निघाला नाही तर चांगल्या पाण्याची बोअर कायमची बंद होऊ शकते. बोअर मारायचा खर्च आणि क्लँपची किंमत शेजारी-शेजारी ठेवून बघितली की क्लँपवर काटकसर करण्यात अर्थ नाही, हे लगेच कळतं.

मार्क थ्री हा याच पंपाचा सुधारलेला अवतार. त्यात पाइप ६५ मिलिमीटरचा, म्हणून दट्ट्या आणि खालची झडप पाइप न काढता नुसते रॉड ओढून वर येतात. काम कमी माणसांत होतं. पण मग रॉड काढायची पाळी जास्त वेळा येते आणि रॉड धरणाऱ्या शिकंजाचं महत्त्व आणखी वाढतं.

जुळवायचा फक्त वरचा रॉड

आता या सगळ्यातला मुख्य मुद्दा. खालचे सगळे रॉड ३ मीटरचे, पाइपही ३ मीटरचे. पण पाइपचे सांधे, सिलिंडरची लांबी, वरचं डोकं यामुळे बेरीज कधीच तंतोतंत जुळत नाही. फरक कुठेतरी भरून काढावाच लागतो. तो भरायची जागा एकच, सर्वांत वरचा रॉड. बाकी कुठल्याही रॉडला करवत लावायची नाही.

पद्धत अशी. पाइप आणि रॉड सोडून झाले, वरची पाण्याची टाकी बसली की रॉड खाली सोडायचा, दट्ट्या सिलिंडरच्या तळाला टेकेपर्यंत. टाकीच्या वरच्या कडेच्या पातळीत रॉडवर खूण करायची. मग रॉड वर उचलायचा, टाकीच्या कडेवर शिकंजा बसवून त्यात रॉड पक्का धरायचा. खुणेवर करवतीने कापायचा, कड कानसीने घासायची आणि १२ मिलिमीटरच्या डायने आटे पाडायचे. त्यावर चेकनट, मग साखळीचं कपलिंग. शेवटी चेकनट कपलिंगला भिडवून आवळायचा. हा चेकनट विसरला तर वरचा सांधा हळूहळू उलटा फिरत सुटतो.

इथे शिकंजा ढिला असेल तर डाय फिरवताना रॉडही फिरतो. आटे तिरके पडतात, कपलिंग अर्धवट बसतं आणि १२० किलोची ओढ दोन-तीन आट्यांवर येते. पंप सुरू होतो, पाणीही येतं, मिस्त्री गावी जातो. महिन्या-दोन महिन्यांत दांडा हलका.

माप चुकलं तर काय होतं? रॉड लांब राहिला तर दर खेपेला दट्ट्या तळावर आपटतो, साखळी सैल पडते आणि खाडखाड आवाज येतो. रॉड आखूड झाला तर दट्ट्या वर जाऊन सिलिंडरच्या टोपीला ठोकतो. दोन्हींत हिसका बसतो तो सांध्यांनाच.

जुन्या हापशाचा एक खास घोळ असतो. पाइपचे आटे गंजले की मिस्त्री गंजका तुकडा कापतो आणि नवे आटे पाडतो. पाच सेंटिमीटर कापले असं धरा. असे चार पाइप कापले तर पाइपची एकूण लांबी २० सेंटिमीटरने कमी झाली. दट्ट्याची धाव आहे साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे रॉड तसेच ठेवले तर पंप चालूच शकत नाही. म्हणून वरचा रॉड पुन्हा कापतात. इथपर्यंत ठीक. पण दोन वर्षांनी गंजलेले चार पाइप बदलून नवे पूर्ण लांबीचे आले की तोच कापलेला रॉड २० सेंटिमीटर आखूड पडतो. मग गावात वेल्डिंगवाला शोधतात आणि तुकडा जोडतात. खरं तर त्या दिवशी नवा ३ मीटरचा रॉड घेऊन तो मापाने कापायला हवा.

आटे की सरकता क्लँप?

आटे पाडायची कटकट नको, सरकवून आवळता येईल असा क्लँपच वापरला तर? ही कल्पना नवी नाही. गुजरातेत मेहसाणा भागात तेलविहिरींवर मान खाली-वर करणारी यंत्रं दिसतात. तिथे खालच्या पंपाला शेकडो मीटर लांब रॉडची माळ असते. मधले सांधे तिथेही आट्यांचेच. पण सर्वांत वर एक गुळगुळीत, घासून चकचकीत केलेला रॉड असतो आणि त्याला यंत्राशी जोडतो एक सरकता क्लँप. दोन-तीन बोल्ट ढिले करायचे, रॉड हवा तेवढा वर-खाली करायचा आणि पुन्हा आवळायचं.

तिथे त्याची गरज का पडते, हेही हिशेबाने दिसतं. लटकता लोखंडी रॉड स्वतःच्या वजनाने ताणला जातो. हजार मीटरच्या माळेत हा ताण १९ सेंटिमीटरच्या घरात जातो, तेलाचा भार वेगळा. भार बदलला की लांबी बदलते, मग दट्ट्याची जागा वरचेवर जुळवावी लागते. आपल्या ३० मीटरच्या हापशात रॉड स्वतःच्या वजनाने अर्धा मिलिमीटरही ताणत नाही. पाण्याचा भार धरला तरी एखाद-दीड मिलिमीटर. म्हणजे एकदा नीट जुळवलं की पाइप बदलेपर्यंत पुन्हा हात लावायची गरज नाही. म्हणून हापशाला आटे आणि चेकनट पुरतात.

पण दोन्हीकडचा नियम एकच आहे. खालचे सांधे ठरावीक मापाचे आणि पक्के, जुळवाजुळव फक्त वर, डोळ्यांसमोर आणि पाण्याच्या बाहेर. सरकता क्लँप बसवणारेही काळजी तीच घेतात. धरायची जागा कोरडी आणि स्वच्छ, बोल्ट सारखे आवळलेले, एक बाजू घट्ट आणि दुसरी ढिली असं नाही.

जुगाड कुठे नडतो?

तुटलेला रॉड मधेच बोल्टच्या क्लँपने जोडायचा मोह होतो. पाइपची आतली जागा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. क्लँपचे कान पाइपला घासतात, पाइपला आतून ओरखडे पडतात आणि बोल्ट ढिला झाला तर तोच खाली अडकतो. वेल्डिंगचंही तसंच. वेल्डच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं, रॉड जरा वाकडा जोडला गेला तर दर दमाला पाइपवर घासतो आणि पुढच्या वेळी ३ मीटरचे तुकडे सुटत नाहीत. तुटलेल्या रॉडला उपाय एकच, नवा रॉड.

वाकडा रॉड सरळ करून वापरणंही टाळावं. जमिनीवर गडगडत सोडला तर वाकडा रॉड लगेच ओळखू येतो. आट्यांचं तसंच. नवं कपलिंग हाताने पिळून बघायचं. लडबडत असेल तर आटे गेले.

खानापूर, चंदगड ते गोव्यापर्यंतच्या जांभ्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट. तिथलं पाणी जरा आम्लधर्मी असतं आणि लोखंड लवकर खातं. पाण्याला लालसर रंग, लोखंडाची चव येत असेल तर रॉड आणि पाइप दोन्ही आतून गंजत असतात. तिथे स्टेनलेस स्टीलचे रॉड परवडतात, सुरुवातीला महाग वाटले तरी.

दांडा काय सांगतो?

हापसा उघडण्याआधी दांड्यावरून पुष्कळ कळतं.

दांडा एकदम हलका, ओझंच नाही, पाणी नाही: रॉड तुटला किंवा सांधा सुटला.

दांड्याला ओझं आहे, पण पाणी यायला वीस-पंचवीस दम लागतात: तळाची झडप गळते किंवा पाइपच्या सांध्यातून पाणी परत खाली जातं.

पाणी येतं पण कमी आणि दांडा जरा सैल: दट्ट्याचे वायसर झिजले.

खाडखाड आवाज, हाताला हिसका: वरच्या रॉडचं माप चुकलं.

दांडा वर नेताना साखळी सैल पडते: वायसर फार घट्ट, रॉड वाकलेला किंवा बोअरच्या मानाने रॉड कमी.

आधी नीट चालत होता, उन्हाळ्यात नुसती हवा: पाण्याची पातळी सिलिंडरच्या खाली गेली. इथे पाइप आणि रॉड दोन्ही वाढवावे लागतात, नुसता पाइप नाही. साधा मार्क टू साधारण ४५ मीटरपर्यंतचा. त्याहून खोल जायचं तर जास्त खोलीचा वेगळा हापसा लागतो, त्याच्या दांड्याला रॉडचा भार तोलायला जादा वजन बसवलेलं असतं.

वहीतलं एक पान

महाराष्ट्रात हापशाची दुरुस्ती बहुधा पंचायत समितीच्या पथकाकडे असते, कर्नाटकात पंचायतीच्या यंत्रणेकडे. पथक कुणाचंही असो, ते येतं आणि जातं. हापसा गावातच राहतो. पण त्याच्या पोटात काय आहे याची नोंद क्वचित कुणाकडे असते. दर वेळी नवा मिस्त्री नव्याने अंदाज बांधतो.

दुकानदार जसा माल लिहून ठेवतो, तसं प्रत्येक हापशाचं एक पान ठेवलं तर पुढची दुरुस्ती निम्म्या वेळात होईल. बोअरची खोली, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, पाइप किती, त्यातले कापलेले कोणते आणि किती, रॉड किती, वरच्या रॉडची लांबी किती, वायसर कधी बदलले. एवढंच. ग्रामपंचायतीचा सदस्य, शाळेचे गुरुजी किंवा बचत गटातली एखादी ताई हे पान सांभाळू शकते.

आणि दुरुस्तीचं पथक आलं की तिघांनी तरी शेजारी उभं राहावं. तीन गोष्टी बघाव्यात. रॉड शिकंजात धरलाय की पाइप पान्ह्यात? कापला तो वरचाच रॉड आहे ना? शेवटी चेकनट आवळला का? हे तिन्ही नीट झालं तर पुढच्या होळीला दांडा हातात घेतल्यावर तो जड लागेल. हापशाचा दांडा जड लागणं हीच चांगली खूण. खाली सगळे सांधे शाबूत आहेत आणि पाणी वर येतंय, असा त्याचा अर्थ.